युद्ध आपल्या तालुक्यात तारेवरून आलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, लोकलमध्ये नेट जातं म्हणून ऑडिओ अडकतो, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलण्यातलं 'अं, तर, म्हणजे' काढलंय. बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय आहे दुसरं महायुद्ध आणि आपला शहापूर-मुरबाडचा भाग. आता तुम्ही म्हणाल, 'दादा, काय फेकतोस? महायुद्ध कुठे आणि आपण कुठे!' मला कळतंय. दुसरं महायुद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात हॉलीवूडचे पिक्चर, गेममधल्या बंदुका, बर्फातले रणगाडे आणि ढगांतून बॉम्ब टाकणारी विमानं. त्या सगळ्यात तानसा कुठे? म्हसा कुठे?

तर ऐका. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी, बोरवाडीजवळच्या जंगलात एक हुतात्मा स्मारक आहे. ट्रेकला गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी त्याच्याजवळ बॅगा टेकवून पाणी प्यायलंय. त्या स्मारकाला दोन नावं आहेत : भाई कोतवाल आणि हिराजी पाटील. तारीख २ जानेवारी १९४३. म्हणजे महायुद्ध ऐन भरात होतं. हे दोघं मेले त्या महिन्यात तिकडे रशियात स्टालिनग्राडची लढाई चालू होती.

माझं म्हणणं असं आहे की हे स्मारक फक्त स्वातंत्र्यलढ्याचं नाही, ते महायुद्धाचंसुद्धा आहे. आणि तसं बघितलं तर त्याची गोष्ट जास्त नीट कळते. कशी, ते आता सांगतो.

विमान पडलेली गावं

आधी जरा लांबून सुरुवात करू. इंग्लंड, फ्रान्स, नेदरलँड्स इथल्या कितीतरी छोट्या गावांत तुम्हाला बॉम्बर विमानांची स्मारकं दिसतील. गावाच्या शेतात, टेकडीवर, बागेत. रात्री बॉम्ब टाकायला निघालेलं किंवा टाकून परत येणारं विमान गावात कोसळलं, आतले सात-दहा जण गेले, आणि गावाने दगड उभा केला.

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात एंडक्लिफ पार्क नावाची बाग आहे. २२ फेब्रुवारी १९४४ ला डेन्मार्कवरच्या मोहिमेतून परत येणारं 'मी अमिगो' नावाचं अमेरिकन बी-१७ विमान तिथे कोसळलं. आतले दहाही जण गेले. त्या वेळी आठ वर्षांचा असलेला टोनी फोल्ड्स म्हातारपणी त्या स्मारकाची झाडलोट करायचा. २०१९ साली त्याची गोष्ट टीव्हीवर आली, आणि बरोबर ७५ वर्षांनी, २२ फेब्रुवारीच्या सकाळी, त्या दहा जणांना सलामी द्यायला ब्रिटिश आणि अमेरिकन हवाई दलाची विमानं बागेवरून उडाली. खाली हजारो लोक उभे होते.

आता यातली मजा बघा. ते दहा जण शेफील्डचे नव्हते. गावाशी त्यांचं नातं एवढंच, की ते तिथे मेले. तरी त्यांची आठवण ठेवायचं काम त्या जागेने अंगावर घेतलं. हा मुद्दा डोक्यात ठेवा, आपल्याला तो सिद्धगडावर लागणार आहे.

आपल्याकडे असं विमान नाही. आपल्याकडे युद्ध आकाशातून पडलं नाही. ते तीन वेगळ्या वाटांनी आलं.

युद्धाच्या तीन वाटा

पहिली वाट म्हणजे जमीन. कल्याणजवळच्या नेवाळीला महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने विमानांच्या धावपट्टीसाठी शेतकऱ्यांची जमीन घेतली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, पण त्या जमिनीचं भांडण संपलं नाही. २२ जून २०१७ आठवतंय? नेवाळीचं आंदोलन पेटलं, रस्ते अडले, गाड्या जळल्या, दगडफेक झाली, पोलिसांनी छर्रे मारले. नौदल तिथे भिंत बांधत होतं आणि शेतकरी म्हणत होते की ही आमच्या आजोबांची जमीन आहे, युद्धापुरती घेतली होती. तेव्हा तुमच्यातले बरेच जण शाळेत असतील. बातम्यांत दिसला तो राडा. त्याचं मूळ पंच्याहत्तर वर्षं जुनं, महायुद्धातलं.

दुसरी वाट छावणीची. उल्हासनगरला आजही जुनी माणसं 'कॅम्प' म्हणतात. 'कॅम्प तीनला राहतो', 'कॅम्प पाचला दुकान आहे'. हा कॅम्प म्हणजे युद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर रिकाम्या बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्याचं नाव उल्हासनगर झालं. जीन्स घ्यायला आपण जातो ते मार्केट सैनिकांच्या बराकींच्या जागेवर उभं आहे.

तिसरी वाट विजेच्या तारेची. आजची गोष्ट हीच.

मुंबईचा नळ आणि मुंबईचा दिवा

तानसा परिसरातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १८९२ साली तानसा धरण पूर्ण झालं आणि आपलं पाणी उताराने मुंबईला जायला लागलं. पुढे वैतरणा आली, भातसा आली. एवढी जाड पाइपलाइन गावाच्या शेजारून जाते आणि एप्रिल-मे लागला की शहापूर तालुक्यात टँकर फिरतात. आपण हे इतकं बघितलंय की आता रागसुद्धा येत नाही.

विजेचंही तसंच. मुंबईच्या कापडगिरण्या आधी कोळशावर चालायच्या. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर धरणं बांधली, पाणी मोठ्या नळांतून कोकणात खाली सोडलं आणि त्या जोरावर वीज काढली. १९१५ ला खोपोली, १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीला धरण झालं. त्यात गावं बुडणार म्हणून सेनापती बापटांनी १९२१ पासून मुळशी सत्याग्रह चालवला. तो हरला. धरण झालं, वीज मुंबईला गेली.

या विजेवर गिरण्या चालायच्या आणि रेल्वेसुद्धा. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांत तारा घाट चढून पुणे-इगतपुरीपर्यंत गेल्या.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. खाली मुंबई, वर सह्याद्री. मध्ये कर्जत, नेरळ, माथेरान, मुरबाड. वीज डोंगरातून शहरात जायची तर मधल्या भातखाचरांतून, माळांवरून आणि रानातून लोखंडी मनोऱ्यांची रांग जाणार. तारा डोक्यावरून जायच्या आणि खाली झोपडीत रॉकेलची चिमणी.

१९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थानातल्या कुणालाही न विचारता देश युद्धात असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर याच तारांचं महत्त्व दुपटीने वाढलं. गिरण्यांतून सैन्यासाठी कापड निघत होतं, रेल्वेतून माणसं आणि दारूगोळा जात होता, मुंबई बंदरातून जहाजं सुटत होती. मार्च १९४२ ला रंगून पडलं. ६ एप्रिलला जपानी विमानांनी विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. सरकार घाबरलेलं होतं. अशा वेळी मुंबईचा दिवा म्हणजे युद्धाचं यंत्रच. आणि ते चालू राहायचं तर कर्जतच्या माळावरचे मनोरे उभे राहायला हवेत.

माथेरानचा वकील

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२. घर नाभिक समाजातलं, गरीब. माथेरान म्हणजे साहेबांचं आणि शेटलोकांचं हवा खायचं ठिकाण. वर बंगले, आणि ते चालवणारी माणसं खालच्या वाड्यांतली. हा मुलगा तिथे वाढला, पुण्याला शिकला, मुंबईला वकील झाला. माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आला, उपाध्यक्ष झाला.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, चला, पोरगा सेट झाला. काळा कोट आहे, नगरपालिकेत पद आहे. आता ऑफिस टाकायचं, केस लढायच्या, बंगला बांधायचा.

त्याने काय केलं? कर्जतच्या वाड्यांत फिरायला लागला. तिथल्या शेतकऱ्याचं आणि आदिवासीचं वर्ष कसं जायचं बघा. भात निघालं की देणं भागवण्यात अर्धं जायचं. शिमग्यापर्यंत कणगी रिकामी. पावसाळ्यात, म्हणजे लावणीच्या ऐन कष्टाच्या दिवसांत, घरात खायला नाही. मग सावकाराकडे खावटी मागायची. मणभर धान्य घ्यायचं आणि सुगीला दीड मण, कधी दोन मण फेडायचं. फेडता आलं नाही की जमिनीच्या कागदावर अंगठा. पुढच्या वर्षी त्याच जमिनीत स्वतःच मजूर.

भाईंनी याच्यावर धान्य बँक काढली. सुगीत धान्य जमा करायचं, पावसाळ्यात गरजेच्या माणसाला द्यायचं, सावकारी वाढ घ्यायची नाही. गावोगाव शाळा सुरू केल्या, कारण ज्याला कागद वाचता येत नाही त्याचा अंगठा कुठेही उमटवून घेता येतो. कोर्टात शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. लोक त्यांना 'भाई' म्हणायला लागले ते तेव्हापासून. आजच्या गल्लीतला 'भाई' नव्हे, बरं का. मोठा भाऊ.

मी हे इतकं सविस्तर सांगतोय त्याला कारण आहे. भाषणांमध्ये भाई कोतवाल थेट १९४२ ला सुरू होतात, हातात बंदूक घेऊन. पण धान्य बँक गाळली तर पुढचं काहीच कळत नाही. पोलिसांनी शोध सुरू केल्यावर एका वकिलाला रानातल्या माणसांनी चार महिने का लपवलं? भाकरी का दिली? कुणाच्या घरची भाकरी? जिच्या घरात पावसाळ्यात भाईंच्या बँकेतलं भात शिजलं होतं, तिच्या घरची.

हॅक्सॉ आणि मनोरा

८ ऑगस्ट १९४२. मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजी, नेहरू, पटेल, सगळे तुरुंगात. नेते आत आणि लोक बाहेर. काय करायचं हे सांगायला कुणीच नाही. मग ज्याला जे सुचलं ते त्याने केलं. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त रेडिओ चालवला. आमच्यासारख्या पॉडकास्टवाल्यांची ती खापरपणजी म्हणायला हरकत नाही. साताऱ्याकडे प्रतिसरकार उभं राहायला लागलं. आणि भाई कोतवाल भूमिगत झाले.

त्यांनी 'आझाद दस्ता' नावाची टोळी जमवली. त्यात माणिवलीचे गोमाजी पाटील होते आणि गोमाजींचा मुलगा हिराजी होता. बाप आणि लेक एकाच दस्त्यात. बाकी आसपासच्या गावांतले तरुण.

काम काय? विजेचे मनोरे पाडायचे. बॉम्ब नाहीत, विमान नाही. लोखंड कापायची करवत. हार्डवेअरच्या दुकानात आपण 'एक्सा ब्लेड द्या' म्हणतो ना, ती हॅक्सॉ. रात्री माळावर जायचं. मनोऱ्याला चार पाय असतात. ते कापायला घ्यायचे. अंधारात लोखंडावर करवतीचा आवाज किती लांब जात असेल, कल्पना करा. वर उच्च दाबाच्या तारा. पाय कापला की वरचा भार आणि तारांची ओढ पुढचं काम करते, पण मनोरा कुठे झुकेल हे खाली उभ्या माणसाला आधी सांगता येत नाही. पळायला चुकला तर संपलाच.

सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ मध्ये आझाद दस्त्याने अकरा मनोरे पाडल्याचं सांगितलं जातं. मनोरा पडला की लाइन बंद, लाइन बंद पडली की गिरण्या आणि रेल्वे यांना झटका. युरोपमध्ये शत्रूचे कारखाने बंद पाडायला शेकडो बॉम्बर विमानं रात्रभर उडत होती. इथे तेच काम एक्सा ब्लेडने चाललं होतं.

सरकारने मनोऱ्यांवर पहारे बसवले. इनाम लावलं. गावांत पोलीस यायला लागले. त्या काळात एखाद्या भागात घातपात झाला की अख्ख्या गावावर सामुदायिक दंड बसवायचा वटहुकूमच होता. म्हणजे पाच जणांनी केलं तरी वसुली सगळ्यांकडून. ज्यांनी काही केलं नाही, फक्त तोंड उघडलं नाही, त्यांनाही किंमत पडत होती. स्मारकावर या माणसांची नावं नाहीत.

२ जानेवारीची पहाट

डिसेंबरात दस्ता सिद्धगडाच्या रानात सरकला. तिकडे गेलेल्यांना माहीत आहे, जंगल कसलं दाट आहे. एका बाजूला गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके, मागे आहुप्याचा कडा, वर भीमाशंकर. माणिवली, माथेरान तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, सिद्धगड ठाणे जिल्ह्यात. पण रानाला जिल्हा कुठे असतो! पायवाटा एकच.

पोलिसांना जागेचा सुगावा लागला. २ जानेवारी १९४३ ला पहाटे, हॉल नावाच्या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखालच्या तुकडीने त्यांना गाठलं. जानेवारीची थंडी, ओढ्याकाठचं धुकं. गोळीबार झाला. हिराजी पाटील गेले. भाई कोतवाल गेले. भाईंना तिसावं पूर्ण होऊन एक महिना आणि एक दिवस झाला होता.

तीस वर्षं. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे जण याच वयाच्या आसपास आहेत.

बरोबर होतं का?

आता थोडं अवघड बोलू. स्मारकाच्या कार्यक्रमात हे कुणी विचारत नाही, म्हणून मी इथे विचारतो. वीज तोडणं बरोबर होतं का?

तेव्हाच दोन बाजूंनी विरोध झाला होता. पहिला गांधीजींकडून. मे १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना उघडपणे पुढे यायला सांगितलं आणि घातपात आपल्या मार्गात बसत नाही हे स्पष्ट केलं. माणूस मेला नाही तरी लपून केलेलं काम अहिंसेचं नाही, असं त्यांचं मत.

दुसरा विरोध कम्युनिस्टांचा. ते म्हणत होते की आता ही लढाई हिटलर आणि जपानी फॅसिस्टांशी आहे, हे लोकयुद्ध आहे, या क्षणी मागून घाव घालू नका. आणि मुंबईच्या गिरणीत त्यांची मोठी ताकद होती. शिवाय वीज गेली, गिरणी थांबली, तर बदली कामगाराची त्या दिवसाची हजेरी बुडते, शेटचं पोट उपाशी राहत नाही. तो कामगार कुठला? बहुतेक वेळा कोकणातला, घाटावरचा. म्हणजे आपलाच.

हे दोन्ही मुद्दे वजनाचे आहेत. 'इंग्रजांचे हस्तक' म्हणून ते उडवून लावता येत नाहीत.

पण दुसरीकडे हेही ठेवा. देशाला युद्धात ढकललं ते न विचारता. बोलणी करणारे सगळे एका पहाटेत उचलले. सभा बंद, मिरवणूक काढली तर गोळ्या. ज्या वाडीत दिवा नाही तिच्या डोक्यावरून जाणारी वीज कुणाच्या युद्धासाठी जाते, हा प्रश्न तिथल्या माणसाने विचारायचा तरी कुठे? आझाद दस्त्याने तो मनोऱ्याच्या पायाला विचारला. त्यांनी रेल्वेच्या डब्यातल्या माणसांना लक्ष्य केलं नाही, लोखंडाला केलं.

माझं मत तुम्हाला कळलंच असेल. तुमचं वेगळं असू शकतं. मला एवढंच म्हणायचंय की स्मारकासमोर उभं राहून हा वाद घालता आला पाहिजे. त्याने हुतात्मा लहान होत नाही. उलट तो फुलांच्या हाराखालून बाहेर येतो आणि माणूस म्हणून दिसतो. तीस वर्षांचा, ठरवायला वेळ कमी असलेला माणूस.

आठवण कुणाची?

पुण्याजवळ खडकीला युद्ध दफनभूमी आहे. महायुद्धात मेलेल्या राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी एका रांगेत आहेत. प्रत्येक दगडावर नाव, हुद्दा, तारीख. हिरवळ कापलेली. त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे, त्याला पैसे मिळतात, त्याचे माळी आहेत. मला त्यात काही वाईट वाटत नाही. ती पोरंसुद्धा विशी-पंचविशीतलीच होती, घरापासून हजारो मैलांवर मेली.

आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने गावोगाव हुतात्मा स्मारकं बांधली, दोनशेच्या वर. तुमच्या तालुक्यातही एखादं असेल. कुठे ग्रंथालय चालतं, कुठे कुलूप आहे, कुठे लग्नाच्या खुर्च्या ठेवल्यात.

दादरला प्लाझासमोर वीर कोतवाल उद्यान आहे. तुम्ही तिथे बस पकडली असेल, मैत्रिणीची वाट बघत वडापाव खाल्ला असेल. हे कोतवाल म्हणजे आपले भाई कोतवाल. ज्या शहराची वीज त्यांनी तोडली, त्या शहराने ऐन मध्यात त्यांच्या नावाची बाग ठेवली. हे मला फार आवडतं. २०२० साली 'शहीद भाई कोतवाल' हा मराठी सिनेमाही आला.

पण बघा, बागेवर एकच नाव आहे. सिनेमाच्या पोस्टरवरही एकच. हिराजी पाटील कुठे गेले? वकील, पुढारी, शिकलेला माणूस लक्षात राहतो. त्याच्या शेजारी त्याच गोळीबारात मेलेला शेतकऱ्याचा मुलगा 'आणि त्यांचे सहकारी' होऊन जातो. आणि ज्या बापाने स्वतः दस्त्यात असताना मुलगा गमावला, त्या गोमाजी पाटलांचं नाव तर आणखी मागे. सिद्धगडच्या स्मारकाची मला वाटणारी सगळ्यात मोठी किंमत हीच, की तिथे दोन्ही नावं एकत्र आहेत.

आणि आता शेफील्डचा तो मुद्दा. भाई माथेरानचे, हिराजी माणिवलीचे. दोघंही सिद्धगडचे नव्हते, मुरबाडचेही नव्हते. मुरबाडच्या रानात ते आसऱ्याला आले आणि तिथेच पडले. तरी दर वर्षी २ जानेवारीला, पहाटेच्या अंधारात, माणसं तिथे जमतात. मशाली पेटतात, दोन नावांचा जयजयकार होतो, उजाडतं. आकाशात सलामीची विमानं नसतात. मुरबाड, कर्जत, नेरळ, माथेरानहून आलेली माणसं असतात, टेम्पोतून आलेली, बाइकवर कुडकुडत आलेली. ज्या जागेवर माणूस मेला त्या जागेने त्याला आपला म्हटलं. हे जगात सगळीकडे सारखंच दिसतं, विमान पडलेलं असो की हॅक्सॉवाला.

मनोरे अजूनही आहेत. आता आपल्याही घरात वीज आहे, लोडशेडिंग कमी झालंय, फोन चार्ज होतो म्हणून तर तुम्ही हे वाचताय. पाइपलाइनही आहे, आणि टँकरही. धरणासाठी, तारेसाठी, रस्त्यासाठी जमीन कुणाची आणि सोय कुणाची, हा हिशेब काही संपलेला नाही. तो कुठल्या मार्गाने मांडायचा हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावं लागतं. आपल्याकडे माहितीचा अधिकार आहे, ग्रामसभा आहे, कोर्ट आहे, हातात कॅमेरा आहे. भाईंकडे १९४२ च्या सप्टेंबरात यातलं काहीच उरलं नव्हतं. त्याआधी मात्र, जोवर मार्ग उघडे होते तोवर, त्यांनी शाळा काढल्या होत्या, धान्य साठवलं होतं आणि कोर्टात केस लढवल्या होत्या. करवत सगळ्यात शेवटी आली.

जायचं असेल तर

कल्याणहून मुरबाड, तिथून म्हसा-नारिवलीमार्गे बोरवाडी. म्हसोबाची जत्रा याच थंडीत, पौष पौर्णिमेच्या सुमारास भरते, त्यामुळे हा रस्ता बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे. २ जानेवारीला जाणार असाल तर आदल्या रात्रीच निघा, पहाट चुकवू नका. स्वेटर घ्या. भीमाशंकरचं अभयारण्य आहे, तेव्हा प्लास्टिक परत आणा आणि स्पीकर घरी ठेवा. रील काढायची असेल तर खुशाल काढा, पण कॅप्शनमध्ये दोन नावं लिहा.

आणि एक काम. तुमच्या गावच्या हुतात्मा स्मारकावर कुणाची नावं आहेत, ती वाचून या. घरात आजी-आजोबा असतील तर विचारा की यांना भाकरी कोण देत होतं. जे कळेल ते रेकॉर्ड करा, दोन मिनिटांचं चालेल, आणि आमच्याकडे पाठवा. जमलं तर त्या आवाजांचा एक वेगळा भाग करू.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.